एक, दोन, साडेतीन

लिफ्टवाल्याने तिला ओळखलं. "कुठला मजला, मॅडम? साडेतीन?" असं म्हणून तो स्वतःच्याच विनोदावर इतका खूश झाला, की चौथ्याऐवजी त्याने पाचव्याचं बटण दाबलं. धाकटी एक मजला जिना उतरून खाली आली. उतरताना तिने त्याला मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या, त्या पन्नाशीला आलेल्या, ड्रमचे क्लास चालवणाऱ्या बाईला शोभणाऱ्या नव्हत्या. पण शोभेल ते करून तिच्या पदरात आजवर काय पडलं होतं?

तिला सगळेच असे ओळखत. तीस वर्षांपूर्वी, कॅसेटच्या जमान्यात, तिच्या भावाचं एक गाणं आलं होतं. रेडिओवर दर रविवारी पहिल्या दहा गाण्यांचा कार्यक्रम लागायचा, त्यात ते गाणं वर्षभर पहिल्या नंबराला चिकटून बसलं. बाकीची नऊ गाणी येत-जात राहिली. गाणं सुरू व्हायच्या आधी एका मुलीचा आवाज येई, "एक, दोन, साडेतीन!" आणि मग सगळी वाद्यं आणि दादाचा आवाज एकदम उडी मारत. ती मुलगी म्हणजे धाकटी. ड्रमही तिनेच वाजवले होते, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिलं ते साडेतीन. पोरं लपाछपी खेळताना तसं मोजू लागली, टी-शर्टांवर ते छापून आलं, बसचा कंडक्टर गाडी सोडताना ते ओरडू लागला. धाकटीला मुलगी झाली तेव्हा ती कळांनी तळमळत असताना नर्सबाई म्हणाल्या, "हं, जोर लावा आता, एक, दोन, साडेतीन!" आणि डॉक्टरसकट सगळे हसले. धाकटीने त्या वेळी काय ओरडून सांगितलं, ते नर्सबाईंनी पुढे कुणाला सांगितलं नाही, इतकंच.

हे सगळं तिने एक वेळ चालवून घेतलं असतं. पण दादा प्रत्येक मुलाखतीत त्यामागची गोष्ट सांगायचा. "माझी बहीण गणितात पहिल्यापासून कच्ची. रेकॉर्डिंगला घाबरली आणि मोजायलाच चुकली बिचारी. सगळे म्हणाले पुन्हा करू. मी म्हटलं, राहू दे हो, गोड वाटतंय!" मग मुलाखत घेणारी बाई "अय्या!" म्हणायची, आणि दादा कपाळावरची बट मागे सारून असा काही हसायचा, की घरोघरच्या बायकांना वाटावं, भाऊ असावा तर असा.

ही गोष्ट धादांत खोटी होती. चुकला होता दादा.

दादाला थांबता येत नसे. लहानपणापासून नाही. आवाज असा, की ऐकणाऱ्याने हातातलं काम टाकावं. हे धाकटीही मान्य करायची, कारण राग कितीही आला तरी कानांना खोटं बोलता येत नाही. पण 'तीन' ऐकलं की हा सुटलाच. चार व्हायची वाट म्हणून बघायचा नाही. तीन आणि चारच्या बरोबर मध्ये, अर्धी मात्रा आधी, दरवाजा उघडा दिसलेल्या वासरासारखा तो गाण्यात घुसायचा. त्यांचे बाबा हॉटेलांत पियानो वाजवत. त्यांच्या ते लक्षात आलं नसेल असं होणंच शक्य नव्हतं. पण त्यांनी दादाला कधी एका शब्दाने टोकलं नाही. धाकटीला मात्र, ती तेलाचे रिकामे डबे बडवायच्या वयाची होती तेव्हापासून, एकच धडा दिला. "तो जरा पळतो. तू त्याला सांभाळून घे."

रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळपासून तेच चाललं होतं. काचेपलीकडे लाल दिवा लागायचा, धाकटी चारपर्यंत मोजायची, दादा साडेतीनला घुसायचा, बाकीचे चारला यायचे आणि सगळ्याचा काला व्हायचा. शेवटी रेकॉर्डिस्टने हेडफोन आपटला आणि विचारलं, "चुकतंय कोण इथे?" बाबांनी क्षणभर दादाकडे बघितलं. मग धाकटीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "पोरगी नवीन आहे. घेईल ती सांभाळून."

पॅसेजमध्ये नेऊन त्यांनी तिची समजूतही काढली. "गायकाचं मन मोडलं की आवाज मोडतो, बाळा. ड्रमला काय, ड्रमला मन नसतं."

एकोणीस वर्षांची ती पोर मुकाट्याने आत गेली. तिच्या डोक्यात तिडीक गेली होती, आणि त्या तिडिकीतच तिला ते सुचलं. हा चारपर्यंत थांबणार नसेल, तर सगळ्यांनाच साडेतीनला उडी मारू दे. सगळ्यांनी मिळून एकच चूक एका दमात केली, की तिला चूक कोण म्हणणार? तिने गिटारवाल्याच्या आणि की-बोर्डवाल्याच्या कानात सांगितलं, काठ्या उचलल्या आणि ओरडली, "एक, दोन, साडेतीन!" पहिल्याच फटक्यात गाणं झालं. रेकॉर्डिस्टला ते मोजणं इतकं आवडलं, की त्याने ते तसंच टेपवर राहू दिलं. पुढे जाणकार लोकांनी लिहिलं, की या गाण्याची सगळी जादू सुरुवातीच्या त्या उडीत आहे, ऐकणाऱ्याचा पाय जिन्याची पायरी चुकल्यासारखा अडखळतो आणि मग नाचतो. त्याला ते 'दादाची उडी' म्हणत. म्हणजे बघा, उडी दादाची आणि चूक धाकटीची.

बाबा गेले, बँड मोडला, कॅसेटी गेल्या. धाकटी मूग गिळून बसली ती बसलीच. टायरच्या दुकानावर एक खोली घेऊन, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवून तिने क्लास सुरू केला. तिथे ती इतरांच्या पोरांना बाकी काही शिकवण्याआधी चारपर्यंत मोजायला शिकवायची. हात राहू दे, पाय राहू दे, आधी तोंडाने मोज. घाई नको. चार पुरे होऊ देत. तिच्या हाताखालून निघालेलं पोर कधी पळत नसे, अशी तिची ख्याती होती. मग महिन्यापूर्वी टीव्हीवर दादाची नवी मुलाखत लागली, तीच गोष्ट नवी फोडणी देऊन सांगून झाली, आणि त्याच आठवड्यात तिच्या सगळ्यात तयार विद्यार्थिनीची आई चपला न काढता दारातच उभी राहिली.

"तसं काही नाही हो, मॅडम. तुम्ही शिकवता छानच. पण हिचे बाबा म्हणाले, पायाच कच्चा राहायला नको. ते तुमचं ते... मोजण्याचं..."

"माझं काय मोजण्याचं?"

"तुमच्या भावानेच सांगितलं ना टीव्हीवर," ती बाई चाचरत म्हणाली आणि मुलीला घेऊन गेली. मुलगी जिना उतरताना मागे वळून बघत होती. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तीस वर्षं लोक हसले ते हसले, पण आता तिच्या पोटावर पाय आला होता. पोटाचंही एक वेळ बघून घेता आलं असतं. तिला चारपर्यंत मोजता येतं, ही एकच गोष्ट या जगात तिची स्वतःची होती, आणि तीच तिच्या सख्ख्या भावाने गंमत म्हणून वाटून टाकली होती.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. त्या दशकातल्या सगळ्या गाजलेल्या कलाकारांचा एक मोठा कार्यक्रम ठरला होता. शेवटचं गाणं दादाचं. "तुम्ही हव्यातच, वन्सं. ऑफिसवर या चारला, बोलू."

म्हणून ती आली होती. दादाच्या ऑफिसच्या भिंतीवर त्या काळातले फोटो होते. दादा चंदेरी जॅकेटात, दादा मोटारसायकलवर, दादा पोरींच्या गराड्यात. एका फोटोत ड्रमच्या झांजेमागे धाकटीचा अर्धा कान दिसत होता.

"या, या! अगदी चारला आलात," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, साडेतीनलाच येताय की काय!"

धाकटी खुर्चीत बसली. हसली नाही.

वहिनी दादाच्या कार्यक्रमांचं सगळं बघायच्या. दादाचे केस काळे, दादाचा घसा गरम आणि दादाचं नाव वर ठेवणं ही तिन्ही खाती त्यांच्याकडे. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कष्ट काहीच नाहीत. छानसा चमकीचा ड्रेस घालायचा, माइकसमोर यायचं, तेवढं म्हणायचं आणि लोकांना हात करायचा. ड्रम मशीनवर आहेत."

"आणि मी?"

"तुम्ही फक्त मोजा."

"वहिनी, मी ड्रम वाजवते."

"हो हो, ते आहेच. पण आता वय... तुमचा खांदा दुखतो ना मध्ये मध्ये?"

"खांदा माझा आहे. दुखू दे नाहीतर गळून पडू दे."

आतल्या खोलीतून दादा आला. "धाकटे!" म्हणून त्याने तिला मिठी मारली. अजूनही तोच वास, तीच बट, आणि मिठीसुद्धा मारली न मारली तोच सोडून पुढे निघालेली. तिने त्याच्या दंडाला धरून त्याला समोर बसवलं.

"मी येते. पण दोन गोष्टी. ड्रम मी वाजवणार. आणि गाण्याच्या आधी तू सगळ्यांना खरं सांगणार."

"खरं म्हणजे?"

"दादा."

दादाने वहिनीकडे बघितलं. वहिनींनी मोबाइलकडे बघितलं. म्हणजे दोघांनाही माहीत होतं! धाकटीला आजवर एक वेडी आशा होती, की दादाला बिचाऱ्याला खरंच कधी कळलं नसेल. ती आशा तिथेच, त्या गुबगुबीत खुर्चीत मेली.

"अगं, इतक्या वर्षांनी कुणाला काय फरक पडतो?" दादा म्हणाला.

"मला पडतो. मी लोकांच्या पोरांना मोजायला शिकवते आणि तू गावभर सांगत फिरतोस, की हिला मोजता येत नाही. माझ्या दारातून पोरी परत जायला लागल्या."

"लोक प्रेमाने हसतात गं."

"मग तुझ्यावर हसू देत की प्रेमाने! मी ते प्रेम तीस वर्षं खाल्लंय. आता मला ते अजीर्ण झालंय."

वहिनी मध्ये पडल्या. "वन्सं, भाऊ आहे तुमचा. जरा सांभाळून घ्यायचं."

तो शब्द ऐकला आणि धाकटी उठून उभी राहिली. पर्स खांद्याला लावून ती दारापर्यंत गेलीसुद्धा. तेव्हा कुठे दादा हात जोडत मागे धावला. पोस्टरवर तिचं नाव छापून झालं होतं. साडेतीनशिवाय ते गाणं घ्यायला कार्यक्रमवाले तयार नव्हते.

"बरं बाई, सांगतो. त्यात काय एवढं? स्टेजवर, हजारो लोकांसमोर सांगतो. मग तर झालं?"

"शब्द?"

"शब्द."

जाताना तिने लिफ्ट घेतली नाही.

तालमीला तीनच दिवस मिळाले. गिटार, की-बोर्ड, बास वाजवणारे सगळे तरुण आणि तयारीचे होते. पहिल्याच दिवशी दाढीवाल्या गिटारवाल्याने विचारलं, "मॅडम, हे साडेतीन म्हणजे मला कधी कळलंच नाही. चारला का नाही घेत आपण?" धाकटीने उत्तरासाठी दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, "अरे, तिला चार आवडत नाही!" आणि पोरं हसली. मग तिच्या डोळ्यांतलं बघून तो जवळ येऊन पुटपुटला, "स्टेजवर सांगतो म्हटलं ना. इथे कशाला?" त्या तीन दिवसांत तिने दर वेळी साडेतीन म्हटलं आणि दर वेळी दादा डौलात घुसला. गाण्याच्या मध्येही तो पळायचा, पण ती आपल्या काठ्यांनी त्याला मागे खेचून ठेवायची. त्यासाठी तिला विचार करावा लागत नसे. तिचे हात जन्मभर तेच करत आले होते. रात्री खांद्याला शेक घेताना ती नवऱ्याला म्हणाली, "त्याने शब्द फिरवला ना, तर मी काय करीन मला माहीत नाही." नवरा म्हणाला, "मला माहितीये. काही करणार नाहीस. वाजवून येशील." तिला त्याचा संताप आला, कारण तिलाही तेच वाटत होतं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी रंगमंचामागे ते सगळं दशक थकूनभागून बसलं होतं. विरहगीतांचा बादशहा गुडघ्याला पट्टा बांधत होता. काळ्या चष्म्यांची प्रसिद्ध जोडी पाठीला पाठ लावून बसली होती. दोघांत पंधरा वर्षांचा अबोला होता आणि गाताना मात्र एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं होतं. नाचत गाणाऱ्या पाच पोरांपैकी तिघेच उरले होते आणि ते त्या काळीही नुसते ओठच हलवत, हे आता ते स्वतःच चहा पिता पिता सांगत होते. धाकटीला त्यांचं कौतुक वाटलं. निदान सांगत तरी होते! विरहाच्या बादशहाने तिला बघून हात वर केला, "काय साडेतीन, बरं आहे का?" तिने मान हलवली.

मग त्यांची पाळी आली. पडद्यापलीकडून हजारो लोकांचा गलका ऐकू येत होता. धाकटी ड्रममागे बसली. चमकीचा ड्रेस तिने घातला नव्हता. क्लासमध्ये घालायची तोच बिनबाह्यांचा सदरा होता. वहिनींनी पडद्याआडून नाक मुरडलं. दिवे लागले आणि दादा चंदेरी जॅकेटात पुढे झाला. त्याला बघून लोकांनी जो गजर केला, त्याने धाकटीच्या झांजा आपोआप थरथरल्या.

"मित्रांनो," दादा म्हणाला, "या गाण्याच्या आधी आज मी तुम्हाला एक खरी गोष्ट सांगणार आहे. तीस वर्षं लपवून ठेवलेली."

लोक शांत झाले. सांगतोय, असं धाकटीला वाटलं, खरंच सांगतोय हा. त्या एका क्षणात तिने त्याला सगळं माफ केलं. फोटोतला अर्धा कान, नर्सबाई, बाबा, सगळं.

"मी इतकी वर्षं सांगत आलो, की आमची धाकटी मोजताना चुकली. ते खोटं आहे. ती चुकली नव्हती." दादा थांबला. दोन शब्दांच्या मध्ये कसं थांबायचं, हे त्याला बरोबर कळायचं, गाण्यातच तेवढं कळत नव्हतं. "तिला तेव्हा चारपर्यंत आकडेच येत नव्हते!"

सगळं सभागृह फुटलं. लोकांनी पोट धरलं, पुढच्या रांगेतल्या एकाने शिट्टी मारली. दादाने वळून धाकटीला डोळा मारला. सांगितलं की नाही, असा.

धाकटीला राग आला हे म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं. तिला ऐकू येईनासं झालं. हातातल्या काठ्या तिला दादाच्या टाळक्यात घालाव्याशा वाटल्या, आणि त्या तिने घातल्या नाहीत याचं एकच कारण, की त्या तिला वाजवायला लागणार होत्या. लोक आता तालात ओरडत होते, "सा-डे-तीन! सा-डे-तीन!" दादाने माइक उचलून छाती भरून घेतली. तिने काठीवर काठी मारली आणि खणखणीत आवाजात मोजलं.

"एक. दोन. तीन. चार."

गिटारवाल्याने तिच्याकडे एकदा बघितलं, बाकीच्यांनीही बघितलं, आणि तयारीच्या वादकांसारखे ते बरोबर चारला उतरले. दादा त्याआधीच घुसलेला होता. एकीकडे त्याचा आवाज आणि दुसरीकडे वाद्यं, अर्ध्या मात्रेच्या फरकाने एकमेकांना ढकलत राहिली. दोन ओळींत सगळं बंद पडलं.

लोक पुन्हा हसले. दादाही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. "बघितलंत? तीस वर्षं झाली, अजून मोजता येत नाही!"

धाकटीने आपला माइक तोंडाजवळ ओढला. "मग तू मोज."

"काय?"

"तू मोज, दादा. चारपर्यंत. तुला येतं ना?"

लोकांना ही नवी गंमत वाटली. "मोजा! मोजा!" ते ओरडू लागले. दादाने हात पसरले, खांदे उडवले आणि माइकमध्ये म्हणाला, "एक, दोन, तीन..." आणि त्याचा गळा सुटला. चार त्याच्या तोंडातच राहिला. तो थबकला. चेहऱ्यावरचं हसू तसंच लटकत होतं, काढून घ्यायचं विसरल्यासारखं. "थांबा हं, घसा... एक, दोन, तीन..." पुन्हा तेच. बासवाला खाली बघू लागला.

आणि मग लोकांनीच ते केलं. आधी मागून कुठून तरी, मग सगळीकडून, मायेने, गोड आवाजात, एखाद्या पडलेल्या लेकराला उचलावं तसं हजारो लोकांनी मोजलं, "एक, दोन, साडेतीन!" दादाने त्या आवाजावर उडी मारली आणि तो नेमका बसला. वाद्यं त्याच्यामागे धावली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

धाकटीने बघितलं. हेही सांभाळून घेतात. सगळी दुनिया याला सांभाळून घेते. तिने दोन्ही काठ्या मांडीवर ठेवल्या आणि ती वाजवायची थांबली.

पहिलं कडवं टाळ्यांवर निभावलं. पण टाळ्यांना खेचून धरता येत नाही. दादा पुढे निघाला की लोक त्याच्यामागे, मग तो आणखी पुढे, मग लोक आणखी घाईत. दुसऱ्या कडव्यात वादक एकमेकांकडे बघू लागले. वरच्या सुरापर्यंत गाणं पोचलं तेव्हा दादाला श्वास घ्यायलाच सवड उरली नव्हती. सूर चिरकला. गिटार थांबली, मग बास थांबला, मग टाळ्या विस्कटल्या, आणि चंदेरी जॅकेटातला दादा धापा टाकत एकटाच उभा राहिला. पडद्याआड वहिनी पडदा ओढणाऱ्या माणसाला हातवारे करत होत्या. तो माणूस दोरी हातात धरून स्टेजकडे बघत होता, आणि त्याने दोरी ओढली नाही.

दादा माइक खाली करून ड्रमपाशी आला. घामाने त्याची बट कपाळाला चिकटली होती. "धाकटे," तो दबक्या आवाजात म्हणाला, "सांभाळून घे ना गं."

"नाही."

"अगं, सगळे बघतायत."

"बघू देत," ती म्हणाली, आणि हे ती माइकमध्ये म्हणाली. "मी बाबांचं ऐकून तुला सांभाळून घेतलं, म्हणून तुला थांबता आलं नाही. तेव्हा रेकॉर्डिंगलाही आलं नव्हतं, म्हणून मी साडेतीन म्हटलं. आजही तुला थांबता येत नाही. माझ्या क्लासमधलं सहा वर्षांचं पोर थांबतं. आता तू थांबायचं. मी मोजते. चार ऐकलं की यायचं. माझ्याकडे बघ."

हा तिचा क्लासमधला आवाज होता. त्यापुढे भलेभले सरळ बसत. दादाने माइक दोन्ही हातांनी धरला. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

"एक. दोन. तीन..."

दादा सुटला.

"अगं बाई," पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली. ती हळूच म्हणाली असणार, पण त्या शांततेत ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. "चुकतो तर हाच की!"

कुणी हसलं नाही. दादाची नजर पडद्याकडे गेली, मग लोकांकडे, आणि जायला कुठेच जागा उरली नाही तेव्हा बहिणीकडे.

"पुन्हा," धाकटी म्हणाली, आणि तिने काठ्या वर केल्या.